बिराजीची बोटं

बिराजी काचेवरचा डाग डोळ्यांनी बघत नसे. गाडी धुऊन, पुसून झाली की तो समोरच्या काचेपाशी उभा राहायचा, उजव्या हाताची मधली तीन बोटं काचेवर अगदी हलकी टेकवायचा आणि डोळे मिटायचा. मग ती बोटं वरून खाली, डावीकडून उजवीकडे फिरत. मध्येच कुठंतरी थांबत, जरा मागं येत. "इथं हाय," तो म्हणायचा. मी चष्मा पुसून, वाकून, मान तिरकी करून बघितलं तरी मला काही दिसत नसे. संध्याकाळी ऊन उतरलं की नेमकं तिथंच पांढरं वर्तुळ उमटायचं.

त्या तीन बोटांची टोकाची पेरं आता नाहीत, आणि त्याला कारण मी आहे. मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेला माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा चांगला गैरसमज व्हायला नको.

बिराजी मूळचा पाचोडकडचा, धनगराच्या घरातला. धाकटा भाऊ अजून मेंढरं राखतो. हा मात्र तरुणपणीच शहरात आला, आधी हमाली केली, मग गाड्या धुवायला लागला. आमच्या कॉलनीत तो सकाळी सातला यायचा. जुन्या मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना दोन बादल्या, मागं एक कॅन आणि खांद्यावर घड्या घातलेली फडकी. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा. बोलताना मी त्याला अहो-जाहो करत असे, मनात मात्र तो नेहमी 'तो'च होता. इथंही तसाच राहू दे.

गाड्या धुणारे शहरात पुष्कळ आहेत. बिराजीकडे लोक यायचे ते डागांसाठी. आमच्याकडे नळाला पाणी येतं त्या दिवशी घरात सणासारखी धावपळ असते. ते पाणी गाडीला कोण घालणार? गाडीच्या वाट्याला बोअरचं नाहीतर टँकरचं येतं. ते जड पाणी उन्हात वाळलं की त्यातला चुना मागं राहतो, आणि दोन-चार महिन्यांत काळी गाडी देवीच्या वणांनी भरल्यासारखी दिसते. "आज काढला तर डाग, उद्या काढला तर वण," असं बिराजी म्हणायचा. चुना आधी वर बसतो, मग रंगात उतरतो. उतरला की कुणाच्या बापाला निघत नाही.

त्याचे नियम ठरलेले होते. उन्हात गाडीला हात लावायचा नाही. एक बाजू धुतली की ती पुसल्याशिवाय दुसरी ओली करायची नाही. रंगावरचा डाग तपासताना बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवायची, कारण पिशवीतून खर, म्हणजे बारीक खडबड, दुप्पट लागते. काचेवर मात्र उघडी बोटं. सिरका आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडकं भिजवायचं, डागावर ठेवायचं आणि गप बसायचं. घासायचं नाही. सगळ्यात शेवटी कॅनमधलं पाणी. हा कॅन तो कॉलनीतल्या एसीच्या नळ्यांखाली लावून ठेवायचा. त्या थेंब-थेंब पाण्यात चुना नसतो, ते वाळलं तरी काही मागं ठेवत नाही, हे त्याला कुणी शिकवलं होतं देव जाणे. मी मोठ्या रुबाबात त्याला सांगितलं, की हे जवळजवळ शुद्ध केलेलं पाणी असतं, ऊर्ध्वपातित.

"व्हय," तो म्हणाला. "गाडीला गोड लागतंय."

एकदा एका कंत्राटदारानं लग्नाला जायची नवी काळी गाडी भर दुपारी त्याच्यासमोर आणून उभी केली. बिराजीनं बॉनेटवर तळहात ठेवला आणि तो लिंबाखाली जाऊन बसला. कंत्राटदार ओरडला, आई-बापावर गेला. बिराजी बादली गुडघ्यांत धरून बसून राहिला. तासाभरानं सावली गाडीवर आली तेव्हा उठला. "तापल्या पत्र्यावर पाणी टाकलं तर मीच डाग पाडले म्हणता," एवढंच बोलला. तेव्हा मला त्याच्या सबुरीचं कौतुक वाटलं होतं. ती आपल्यालाही लागणार आहे, हे लक्षात आलं नव्हतं.

आमची खरी ओळख झाली ती माझ्या शहाणपणामुळं. घरात पिण्याचं पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे. ते एक तांब्या गाळतं आणि तीन तांबे बाहेर टाकतं. ते बाहेरचं पाणी वाया जाऊ नये म्हणून मी बादलीत साठवायचो आणि रोज स्वतः गाडीवर घालायचो. चार शेजाऱ्यांना ही युक्ती शिकवलीही होती. एका उन्हाळ्यात समोरच्या काचेवर पांढरे ठिपके इतके दाट झाले, की मी बिराजीला बोलावलं. त्यानं बोटं टेकवली, डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"सर, हे पाणी कुठलं?"

मी सांगितलं. त्यानं बोटं फडक्याला पुसली. मग म्हणाला, "म्हंजी गाळलेलं तुमी पिता अन् गाळ गाडीला पाजता."

यंत्र चुना मागं ठेवतं, तो सगळा त्या बाहेरच्या पाण्यात जातो, हे पाचवीतल्या पोरालाही कळावं. मला कळलं नव्हतं. बायको दारात चहाचा कप घेऊन उभी होती. ती हसली. मीही हसलो, पण ते मला लागलं. एका गाडी धुणाऱ्यानं पाण्याबद्दल मला शिकवावं, हे कुठंतरी रुतून बसलं. पुढं जे घडलं त्याचं मूळ या हसण्यात आहे, असं मला आज वाटतं.

काचेचं त्यानं स्पष्ट सांगितलं. "लई खोल गेलंय. दर आठवड्याला थोडं-थोडं काढू. चार महिने द्या मला." मी हो म्हणालो. तो दर रविवारी यायचा, सिरक्याचं फडकं ठेवायचा आणि काम होईपर्यंत पायरीवर बसायचा. अशाच एका रविवारी त्यानं मला कुत्र्याची गोष्ट सांगितली.

तो लहान असताना त्याच्या बापानं पैठणच्या बाजाराहून एक कुत्रं आणलं. दिसायला देखणं आणि स्वभावानं गरीब. कुणावर भुंकायचं नाही, ताटाजवळ यायचं नाही. सगळ्या वाड्यावर त्याचं कौतुक झालं. भुंकणारी जुनी कुत्री बांधून ठेवली जायची, हे मोकळं असायचं. आठव्या दिवशी सकाळी वाघुरात, मेंढरं कोंडायच्या जाळीत, तीन कोकरं मरून पडलेली होती आणि ते कुत्रं शेजारी शांत बसून पंजे चाटत होतं.

"तवापासून बाप म्हणायचा, न भुंकणारं आधी बांधावं," बिराजी म्हणाला. "सिरका बगा, नाकात जातो. निंबूसत चिरेत गेलं की चुरचुरतं. ते सांगतं तरी, की मी आलोय म्हणून."

मी मान हलवली. त्या गोष्टीतलं मला तेव्हा फक्त कुत्रं दिसलं.

दोन महिने झाले तरी काच निम्मीच साफ झाली होती. एका संध्याकाळी मी पैठण रस्त्यानं परत येत होतो. सूर्य समोर आला आणि काचेवरचा प्रत्येक ठिपका पेटला. समोरचं काही दिसेना. मी ब्रेक दाबला तेव्हा एक सायकलवाला बंपरपासून हातभर अंतरावर होता. त्यानं मला शिवीही दिली नाही, नुसतं बघितलं आणि तो निघून गेला. चार महिने थांबायचं नाही, असं मी ठरवलं. भीती खरी होती. पण बिराजीला काहीतरी आणून दाखवायचं, हेही त्यात होतं, ते मी लपवणार नाही.

शहागंजात साफसफाईची औषधं सुटी विकणाऱ्या एका दुकानात गेलो. काचेवरचे पाण्याचे डाग म्हटल्यावर दुकानदारानं मोठ्या कॅनमधून प्लास्टिकच्या बाटलीत पाण्यासारखं काहीतरी ओतून दिलं. बाटलीवर नाव नाही, चिठ्ठी नाही. "एक बार फेरो, काच नवी हो जाती," तो म्हणाला. पैसे परत देताना पुढं म्हणाला, "हाथां को नक्को लगाव, सर."

घरी येऊन मी माझ्या पद्धतीनं तपासणी केली. निवृत्त होताना शाळेतून आणलेल्या आम्लता मोजायच्या कागदाच्या पट्ट्या माझ्याकडं होत्या. बाटलीतलं थोडं काचेच्या पेल्यात ओतलं आणि पट्टी बुडवली. एका वाटीत सिरका घेऊन दुसरी पट्टी बुडवली. रंग ताडून बघितले. बाटलीतलं सिरक्यापेक्षाही मवाळ निघालं. हाताला लावू नको म्हणे. दुकानदाराला काय कळतंय, असं म्हणून मी पेला गॅलरीच्या कठड्यावर तसाच ठेवून दिला.

रविवारी बिराजी आला. मी बाटली पुढं केली. त्यानं झाकण उघडून वास घेतला. करंगळी बुडवून अंगठ्यावर चोळली. वाट बघितली. मग बाटली खाली ठेवली.

"वास नाय. चुरचुरत नाय," तो म्हणाला. "सर, हे भुंकत नाय."

मी त्याच्यासमोर दोन्ही पट्ट्या धरल्या. ही सिरक्याची, ही याची. ही फिकी आहे ना? म्हणजे हे सिरक्यापेक्षा सौम्य. वर्गात समजावत असे तसं दोनदा समजावलं. तो पट्ट्यांकडे बघत राहिला. त्याला वाचता येत होतं जेमतेम, पण रंग ओळखण्यात तो माझ्यापेक्षा पक्का होता, आणि रंग खरंच फिका होता.

"तुमी बगितलंय ना, सर?"

"बघितलंय."

"मंग झालं," तो म्हणाला.

बायकोनं भांडी घासायचे रबरी मोजे आणून दिले. त्यानं ते तिला परत केले. "बाई, मोज्यातनं मला काय बी दिसत नाय," तो म्हणाला. मी तिथंच उभा होतो. घालायला लावायचे असते तर मी लावू शकलो असतो. माझा शब्द त्यानं त्या दिवशी मोडला नसता.

लिंबाच्या सावलीत सकाळभर काम चाललं. फडकं बुडवायचं, फिरवायचं, तीन बोटांनी चाचपायचं. डाग सायीसारखे निघत होते. दोन महिन्यांत गेले नव्हते ते एका फडक्यात जात होते. मी आनंदानं काचेभोवती फिरत होतो. बिराजीचा हात मात्र मंदावत गेला. एकदा थांबून त्यानं आपली बोटं उलटी-सुलटी करून बघितली.

"एवढ्या लवकर जात नसतंय," तो म्हणाला.

काचेच्या खालच्या कोपऱ्यात, वायपरपाशी ते द्रव साचून राहिलं होतं. तिथला डाग सगळ्यात हट्टी म्हणून मीच त्याला म्हणालो होतो, की राहू द्या थोडा वेळ. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. बिराजीनं हात धुतले ते त्याच बादलीतल्या पाण्यात, ज्यात तो सकाळपासून फडकं पिळत होता. मग चहा प्याला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. तो कधी फोन करत नसे.

"सर, बोटं ठणकायलेत. आतनं. नखाखाली. वरून काईच नाय."

"गार पाण्यात धरा," मी म्हणालो. "सौम्य आहे ते. बादलीतला साबण लागला असेल."

तो त्याच्या गल्लीतल्या डॉक्टरकडं गेला. डॉक्टरनं विचारलं, काय लागलं? बिराजीनं सांगितलं, सिरक्यापेक्षा मवाळ औषध, सरांनी कागद लावून तपासलंय. वरून काही दिसतच नव्हतं. डॉक्टरनं मलम दिलं. माझा शब्द असा माझ्या आधी तिथं जाऊन पोचला होता. सगळा दिवस त्यात गेला.

मंगळवारी सकाळी बायको गॅलरी आवरत होती. ती पेला घेऊन माझ्याकडं आली. "हा नवा पेला ना? धुतला तरी स्वच्छ होत नाही," ती म्हणाली. मी पेला हातात घेतला. तळाशी दोन बोटं उंचीपर्यंत काच पांढुरकी झाली होती, दूध वाळल्यासारखी. नख फिरवलं तर खरखरलं. तो डाग नव्हता. काचच खाल्ली गेली होती.

काच खाणारं आम्ल. तीस वर्षं मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं होतं: हे आम्ल काचेच्या बाटलीत ठेवत नाहीत, कारण ते काचेशी अभिक्रिया करतं. पोरांना हमखास गुण मिळवून देणारं वाक्य. ते हाडापर्यंत उतरतं आणि आधी दुखत नाही, हेही कुठंतरी वाचलेलं होतं. औषधात त्याचे क्षार मिसळले की पट्टी ते मवाळच दाखवते; पट्टी आम्लता सांगते, विष सांगत नाही. काचेवरचा डाग एका फडक्यात काढणारं औषध माझ्यासमोर प्लास्टिकच्या बाटलीत ठेवलेलं होतं, आणि मी त्याला कागद लावून बघत बसलो.

मी बाटली घेतली आणि स्कूटरवरून त्याच्या खोलीवर गेलो. तो उंबऱ्यात बसला होता, उजवा हात उंच धरून. तिन्ही बोटांची टोकं पांढरी पडली होती, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी, आणि नखांखाली करडा रंग चढला होता. त्यानं मला बघून उठायचा प्रयत्न केला. मला तिथं जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. त्याला मागं बसवून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरणीला मी बाटली दाखवली आणि काय असावं ते सांगितलं. तिचं लिहिणं थांबलं.

"किती तास झाले?"

मी रविवार सकाळपासून मोजायला लागलो. ती वाट न बघता आत गेली, इंजेक्शनं घेऊन आली आणि तिनं ती बोटांत दिली. जितकं करता येण्यासारखं होतं ते सगळं त्या लोकांनी केलं. पहिल्या आठवड्यात दोन पेरं गेली, तिसरं महिन्याभरानं. अंगठा आणि करंगळी राहिली, पण त्यांना गरम-गार कळेना.

पहिल्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी खाटेजवळ बसलो होतो. बिराजी छताकडं बघत होता.

"सर, तुमचा कागद खोटं बोलला काय?"

"नाही," मी म्हणालो. "कागद खरं बोलला. मी त्याला विचारलंच चुकीचं."

"मला कळलं हुतं," तो म्हणाला. "भुंकत नाय ते. कळूनबी हात घातला." म्हणजे दोष त्यानं स्वतःकडं घेतला. मला शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन झोपू तरी शकलो असतो.

पुढं त्यानं कॉलनीत येणं बंद केलं. एकदा आला होता म्हणतात, एका गाडीच्या काचेवर उरलेल्या बोटांचे शेंडे टेकवून बराच वेळ उभा राहिला आणि बादल्या न उतरवता परत गेला. नंतर कळलं, की तो भावाकडं गेला, मेंढरांत.

या हिवाळ्यात मी पाचोडला गेलो, आठवडी बाजाराच्या दिवशी. त्यालाच भेटायला गेलो होतो, बाजाराचं निमित्त. शेळ्या-मेंढ्यांच्या बाजूला तो दिसला. खांद्यावर घोंगडी, उजवा हात काखेत. थंडीत टोकं दुखतात, असं त्यानं नंतर सांगितलं. एक गिऱ्हाईक मेंढी बघत होतं. पूर्वी लोकरीत बोटं घालून मेंढीची पाठ किती भरलीय ते सांगणारा हा माणूस आता तिच्या पाठीवर डाव्या हाताची बोटं अंदाजानं फिरवत होता. मला बघून तो आला. घरचं विचारलं, बाईंचं विचारलं. चहा मी देतो म्हणालो तर ऐकेना, त्यानंच पाजला.

मग तो मला सोडायला गाडीपर्यंत आला. गाडी तीच, काचही तीच. वायपरपाशी साचलं होतं तिथं तळहाताएवढा पांढुरका भाग आहे. तो निघत नाही. काच बदलून घ्या, असं मुलगा दर फोनवर सांगतो. मी बदलत नाही.

बिराजीनं काखेतला हात काढला. आखूड झालेली तीन बोटं त्या जागेवर टेकवली आणि सवयीनं डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले.

"सर, गेला का डाग? तुमी बगून सांगा."

मी चष्मा सावरायला गेलो. मग हात खाली घेतला, डोळे मिटले आणि माझी तीन बोटं त्याच्या बोटांशेजारी काचेवर ठेवली. बाजाराचा गलका चालू होता. आधी काहीच लागलं नाही. मग गुळगुळीत काच संपली आणि बारीक, कोरडी खर सुरू झाली. कुठं सुरू होते, कुठं संपते, हे मला पहिल्यांदाच स्पष्ट कळत होतं.

"नाही गेला," मी म्हणालो. "डाग नाही तो. काचच गेलीय."

"व्हय," तो म्हणाला. "मला ते नुसतं बगून कळलं. तुमाला लागतंय का, ते बगायचं हुतं."

त्यानं हात पुन्हा काखेत घातला आणि मेंढरांकडं निघून गेला. परतीच्या वाटेवर ऊन समोर आलं, तेव्हा तो कोपरा पेटला आणि मी गाडी बाजूला घेऊन सूर्य मावळेपर्यंत थांबलो.